आकाशात इंजिन गप्प झालं तर: छोट्या विमानातल्या आणीबाणीचा क्रम

एका इंजिनाचं विमान म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंजिन बंद पडलं तर? बंद पडलं तर विमानाचं ग्लायडर होतं, एवढंच. सेसना १७२एस ठरलेल्या वेगाने घसरत आणली तर दर हजार फूट उंचीमागे जवळपास दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर अंतर कापते. जीवघेणं ठरतं ते त्यानंतर वैमानिक जे करतो ते: नाक वर ओढत राहणं, कमी उंचीवर धावपट्टीकडे वळायला जाणं, चेकलिस्टमध्ये डोकं खुपसून वेगाकडे पाठ फिरवणं. म्हणून पुढे जे सांगितलं आहे त्याचा कणा एकच आहे. चाकं जमिनीला टेकून विमान थांबेपर्यंत ते तुमच्या ताब्यात राहिलं पाहिजे. बिघाड शोधणं आणि रेडिओवर बोलणं हे ताबा सांभाळल्यानंतरचं.

आकडे मी सेसना १७२एसचे देतो आहे, कारण शिकाऊ आणि खासगी वैमानिकांच्या हाती हे विमान फार आढळतं. तुमचं विमान वेगळं असेल तर त्याच्या हँडबुकमधले आकडे पाठ करा. सेसना १५२चा ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय घसरत उतरण्याचा, वेग ६० नॉट (ताशी ६० नॉटिकल मैल), १७२एसचा ६८. हा फरक लहान वाटतो, पण दोन्ही विमानं आलटून पालटून उडवणाऱ्याच्या डोक्यात नेमका गोंधळ इथेच होतो.

धावपट्टीवर उभं असतानाच ठरवा

उड्डाणानंतर तीन-चारशे फुटांवर इंजिन गेलं, तर विचार करायला वेळच नसतो. पहिली काही सेकंदं तर ‘हे खरंच झालं का’ यातच जातात. चढताना नाक वर असतं, त्यामुळे ताकद गेली की वेग झपाट्याने उतरतो. त्या क्षणी हाताने योक (विमानाचं सुकाणू) पुढे ढकलायला हवा, आणि हात आपोआप पुढे जाण्यासाठी ते आधी तोंडाने म्हटलेलं असावं लागतं. धावपट्टीवर रांगेत आलात की मोठ्याने म्हणा: ‘जमिनीवर काही बिघडलं तर थ्रॉटल बंद, ब्रेक. हवेत गेल्यावर अमुक फुटांखाली इंजिन गेलं तर नाक खाली, ७० नॉट, सरळ पुढे, फार तर दोन्ही बाजूंना तीस अंशांत.’ शेजारी कुणी नसलं तरी म्हणा. सोलोला जाणारा विद्यार्थी एकटाच बडबडतो म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

हे ‘अमुक फूट’ किती? माघारी वळण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण मागे डांबरी धावपट्टी आहे आणि पुढे बाभळी. हिशेब मात्र विरोधात जातो. मागे येऊन धावपट्टीच्या रेषेत लागायचं तर १८० अंश पुरत नाहीत, सव्वादोनशेच्या पुढे वळावं लागतं. ४५ अंश झुकून वळलात तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान उचलून धरत नाहीत तो, सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ४८ नॉटचा ५७ होतो. वर आता वारा पाठीमागून, त्यामुळे जमीन वेगाने सरकताना दिसते, वेग जास्त आहे असं वाटतं आणि हात नकळत योक मागे ओढतो. खालच्या उंचीवरच्या स्टॉल आणि स्पिनची (भोवऱ्यासारखं फिरत कोसळण्याची) कथा इथेच सुरू होते.

तुमचा आकडा काढण्याची प्रामाणिक पद्धत एकच: इन्स्ट्रक्टरला सोबत घेऊन चार हजार फुटांवर चढण्याच्या वेगात थ्रॉटल बंद करा, चार-पाच सेकंद काहीही करू नका, मग नाक खाली घेऊन २४० अंश वळा आणि किती उंची गेली ते पाहा. त्यात निम्मी भर घाला. जो आकडा येईल त्याखाली मागे वळायचं नाही. उन्हाळ्यात, भरलेल्या टाक्या आणि चार माणसं असताना हा आकडा आणखी वाढतो.

उंचीवर इंजिन गेलं तर

क्रम असा, आणि तो बदलू नका.

१. वेग. ६८ नॉटवर नाक ठेवा आणि ट्रिम करा. ट्रिम केलं की विमान स्वतःच वेग धरून राहतं आणि तुमचा एक हात मोकळा होतो.

२. जागा. उतरायची जागा निवडून तिच्याकडे वळा. बिघाड शोधण्याआधी वळा, कारण शोधताना तुम्ही जागेपासून दूर जात असता.

३. पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न. फ्युएल शटऑफ व्हॉल्व्ह आत ढकललेला, फ्युएल सिलेक्टर बोथवर (दोन्ही टाक्यांवर), ऑक्झिलरी (जादा) इंधन पंप चालू, मिक्स्चर रिच (इंधनाचं प्रमाण पूर्ण), इग्निशन बोथवर. पंखा थांबलाच असेल तर स्टार्ट. हे पाठ असावं; चेकलिस्ट नंतर खात्रीसाठी.

४. रेडिओ.

५. सुरू झालं नाही तर उतरण्याची तयारी.

तिसऱ्या पायरीवर जरा थांबू. इंजिन गप्प होण्यामागे पुष्कळदा यंत्र मोडलेलं नसतं, इंधन पोहोचत नसतं. पाइपर पीए-२८मध्ये ‘बोथ’ नसतं. डावी टाकी किंवा उजवी, हाताने बदलावी लागते. गप्पांच्या नादात एक टाकी रिकामी होते आणि दुसरी भरलेली असताना इंजिन बंद पडतं. कार्ब्युरेटरच्या विमानांत, म्हणजे सेसना १५२ किंवा जुन्या १७२मध्ये, आणखी एक छुपा शत्रू असतो: कार्ब्युरेटरमधला बर्फ. आपल्याकडे कुठला बर्फ, असं वाटतं. पण पावसाळी दमट हवेत, कोकण-गोव्याच्या बाजूला, बाहेर पंचवीस अंश असतानाही कमी ताकदीवर उतरताना तो धरू शकतो. आरपीएम हळूहळू उतरतो, मग इंजिन खडखडतं. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढा. वितळलेलं पाणी आत गेल्याने खडखड आधी वाढते; घाबरून हीट परत बंद करू नका. १७२एसच्या इंजिनाला कार्ब्युरेटर नाही, तिथे ही भीती नाही.

किती वेळ मिळतो? ६८ नॉटवर उंची मिनिटाला साधारण साडेसातशे फुटांनी उतरते. आता दख्खनच्या पठाराचा हिशेब धरा. पुणे विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून १,९४२ फूट आहे. अल्टिमीटर चार हजार दाखवतो तेव्हा पायाखाली खरे दोनच हजार असतात, म्हणजे हातात जेमतेम अडीच मिनिटं. एकदा पाठ असलेला क्रम करून झाला की पुन्हा पुन्हा चाव्या फिरवत बसू नका. हजार फुटांच्या खाली लक्ष फक्त शेताकडे.

रेडिओवर जिथे बोलत होतात तिथेच बोला. कुणाशीच बोलत नसाल तर १२१.५ मेगाहर्ट्झ. ‘मेडे, मेडे, मेडे’, मग कॉल साइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), काय झालं, काय करणार, कुठे आहात, किती उंची, किती माणसं: ‘इंजिन फेल्युअर, फोर्स्ड लँडिंग, टेन माइल्स साउथ-ईस्ट ऑफ बारामती, थ्री थाउजंड फाइव्ह हंड्रेड फीट, टू पर्सन्स ऑन बोर्ड.’ जिवावर बेतलेलं नाही पण मदत हवी असेल तर ‘पॅन पॅन’ तीनदा. ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) आणीबाणीच्या ७७०० कोडवर; एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाने, आधीच कोड देऊन ठेवला असेल आणि संपर्क असेल तर ते सांगतील तोपर्यंत तोच राहू द्या. मेडे म्हणायला लाजणारे वैमानिक आहेत. नंतर कागदपत्रं भरावी लागतील, या भीतीने गप्प बसण्यासारखा मूर्खपणा नाही.

शेत कुठलं?

पुस्तकात चित्र असतं ते परदेशातल्या हिरव्यागार, सपाट, चौकोनी शेताचं. बारामती, इंदापूर, फलटणवरून खाली पाहिलं तर काय दिसतं? ऊस, डाळिंब, शेततळी, बांध, विहिरी आणि तारा. त्यामुळे इथल्या जमिनीचं वाचन वेगळं शिकावं लागतं.

उसाचं हिरवं वरून मऊ गादी वाटतं. वाढलेला ऊस माणसाच्या दीडपट उंच असतो आणि तो विमान अचानक धरतो. दुसरं काहीच नसेल तर उसाच्या शेंड्यांनाच जमीन समजा आणि त्या पातळीवर कमीत कमी वेगाने, पंख समतल ठेवून बसा. तोडणी झालेला फड त्याहून बरा, पण सऱ्यांच्या दिशेनेच उतरा. आडवे गेलात तर नाकाचं चाक पहिल्या दोन-तीन सऱ्यांत मोडेल. नांगरून ढेकळं उभी असलेल्या रानाचंही तसंच. द्राक्षबागा पूर्ण वर्ज्य: तिथे मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल असतात. हरभरा, भुईमूग, कांदा अशी बुटकी पिकं चांगली. कापणी झालेलं ज्वारीचं रान आणि पडीक माळ सर्वांत चांगले, पण माळावरचे दगड वरून दिसत नाहीत.

पावसाळ्यात काळी माती टाळा. ती चाकाला चिकटते, नाकाचं चाक रुततं आणि विमान उलटं होतं. मुरमाड, तांबूस, किंचित चढाची जमीन दिसली तर ती घ्या. चढावर उतरल्याने थांबायला कमी जागा लागते.

वीजतारा दिसतच नाहीत. दिसतात ते खांब, तेही उतरत्या उन्हात. खांबांची रांग शोधा आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरा. प्रत्येक विहिरीकडे आणि वस्तीकडे एक तरी तार गेलेली असते. शेतात एकटंच हिरवंगार झाड किंवा पत्र्याची लहान खोली दिसली तर जवळ विहीर असण्याची शक्यता मोठी, आणि तिला कठडा असेलच असं नाही.

रस्ता मोहात पाडतो. सरळ, डांबरी, धावपट्टीसारखा. पण त्यावर दुचाक्या, ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या, कडेला झाडं आणि आडव्या तारा असतात. आणि तुम्ही वाचण्यासाठी दुसऱ्याच्या जिवावर उठता. रहदारी नसलेला, नुकताच बांधून झालेला रुंद रस्ता दिसला तर गोष्ट वेगळी.

वाऱ्याची दिशा कळायला साखर कारखान्याची चिमणी, वीटभट्टी, पाचट पेटवल्याचा धूर, तळ्यावरच्या लाटा. काहीच नसेल तर पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून धरून चाला. वाऱ्यासमोर उतरण्याचा फायदा शोभेचा नाही. ५० नॉटने टेकताना समोरून दहा नॉट वारा असेल तर जमिनीवरचा वेग ४०, मागून असेल तर ६०. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दुसऱ्या वेळी सव्वादोनपट.

जुलै २०२२मध्ये बारामतीहून सेसना १५२ घेऊन एकटीने उडालेली शिकाऊ वैमानिक इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत एका शेतात आली. विमान मोडलं, ती किरकोळ दुखापतींवर वाचली. विमा कंपनीने विमानाची काळजी करावी. शेतात शिरल्या क्षणापासून विमानाचे पंख, चाकं, नाक हे सगळं तुमचा वेग खाण्यासाठीच आहे असं समजा. झाडं टाळता येत नसतील तर दोन बुंध्यांच्या मधे नाक घाला आणि पंख त्यांना देऊन टाका. पन्नास मैल वेगाने आदळताना सारख्या गतीने तीन मीटरमध्ये थांबलात तर शरीरावर ९ जीपेक्षा (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपटीपेक्षा) जास्त भार येत नाही, आणि पट्टा नीट बांधलेला माणूस तो सोसू शकतो. वेग दुप्पट असेल तर तेवढ्याच भारासाठी चौपट अंतर लागतं.

शेवटचे हजार फूट

शेताच्या डोक्यावर या, मग नेहमीचं सर्किट (उतरण्याआधीचा चौकोनी फेरा) करा, टेकायची जागा डाव्या खिडकीतून सतत दिसत राहील असं. दूर जाऊन लांबलचक फायनल (उतरण्याच्या रेषेतला शेवटचा सरळ टप्पा) घेऊ नका. निशाणा शेताच्या सुरुवातीवर नको, आत एक-तृतीयांशावर ठेवा. जास्त उंच असाल तर उंची फ्लॅपने (पंखांच्या मागच्या, खाली झुकणाऱ्या पट्ट्यांनी) उधळता येते. कमी पडलात तर कुठून आणणार? फ्लॅप शेवटी आणि पोहोचण्याची खात्री झाल्यावरच, आणि एकदा दिलेले फ्लॅप परत घेऊ नका.

खुर्चीची पाठ सरळ, पट्टे घट्ट. मिक्स्चर आयडल कटऑफ (इंधन बंद), फ्युएल शटऑफ बाहेर, इग्निशन बंद. मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद करायचा तो फ्लॅप देऊन झाल्यावर, कारण १७२चे फ्लॅप विजेवर चालतात. घाईत मास्टर आधी बंद करणारे अडकतात. टेकण्याआधी दारं उघडी करून ठेवा, म्हणजे चौकट वाकली तरी ती अडकणार नाहीत. वेग फ्लॅपशिवाय ७०, फ्लॅपसह ६५. शेपूट जरा खाली ठेवून टेका, योक पोटाशी, ब्रेक जोरात.

इंजिन अर्धं चाललं तर

हे पूर्ण बंद पडण्यापेक्षा वाईट असू शकतं, कारण आशा दाखवतं. ऑस्ट्रेलियाच्या एटीएसबी या तपास संस्थेच्या अभ्यासात उड्डाणानंतर अर्धवट ताकद जाण्याचे प्रसंग पूर्ण बंद पडण्याच्या सुमारे तिप्पट आढळले होते. वैमानिक मग ओढून-ताणून उंची धरायला पाहतो, वेग गमावतो आणि स्टॉल करतो. उरलेली ताकद केव्हाही जाईल असं धरून वागा: वेग राखा, उथळ वळणं घ्या, वाटेत प्रत्येक क्षणी उतरता येईल असं शेत हाताशी ठेवून धावपट्टीकडे सरका. उंची टिकत नसेल, तर इंजिन पूर्ण गेलेलंच आहे.

आग आणि धूर

इंजिनाची आग: मिक्स्चर कटऑफ, फ्युएल शटऑफ बाहेर, पंप बंद, मास्टर बंद, केबिन हीट आणि हवा बंद, वेग १०० नॉट. विझली नाही तर नाक आणखी खाली. आणि ते इंजिन पुन्हा सुरू करून पाहायचं नाही.

विजेच्या आगीचा वास वेगळा असतो, जळक्या वायरचा. मास्टर बंद. इंजिन मात्र चालूच राहतं, कारण इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो बॅटरीवर अवलंबून नाहीत. नवख्यांना हे सांगूनही पटत नाही. इग्निशनला हात लावू नका. हवेची छिद्रं बंद करून अग्निशामक वापरा आणि आग विझल्याची खात्री झाल्यावरच ती उघडा. मग जवळच्या धावपट्टीवर उतरा. ‘बघू, पुन्हा चालू करून’ हा प्रयोग जमिनीवर करा.

न दिसणारा धूर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. जानेवारी २०१९मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या पाइपर मालिबूत होता त्या अपघाताच्या तपासात त्याच्या रक्तात हा वायू घातक प्रमाणात सापडला. डोकं दुखणं, सुस्ती, हीटर चालू असणं असं जुळून आलं तर हीटर बंद, हवा उघडी, आणि उतरा. डिटेक्टर स्वस्त मिळतो; घ्या.

ढगात शिरलात तर

सह्याद्रीवर जूनमध्ये उडणाऱ्या हौशी वैमानिकासाठी माझ्या मते इंजिनापेक्षा मोठा धोका हा आहे. १९५४मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं दिसणार नाही अशा स्थितीत उडवून पाहिलं. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

म्हणून शिरल्या क्षणी शरीराच्या जाणिवेवरचा विश्वास काढून घ्या. अॅटिट्यूड इंडिकेटरवर (विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावर) पंख समतल करा, ट्रिम करा, योक दोन बोटांनी धरा. ऑटोपायलट असेल तर लावा. मग सुमारे पंधरा अंश झुकून एक मिनिट वळा. ज्या दिशेने आलात तिकडे, जिथे दिसत होतं तिथे परत. डोंगर जवळ असतील तर आधी उंची: कळसूबाई १,६४६ मीटर म्हणजे ५,४०० फूट आहे, त्याला किमान हजार फुटांची मोकळीक हवी. वेग वाढतोय आणि उंची घटतेय असं दिसलं तर विमान गिरक्या घेत खाली चाललं आहे. योक ओढू नका, त्याने गिरकी आवळते. थ्रॉटल कमी, पंख समतल, मग हळू नाक वर. आणि एटीसीला खरं सांगा: ‘मी ढगात आहे, मला उपकरणांवर उडता येत नाही.’

घाबरवणाऱ्या, पण घाबरायचं कारण नसलेल्या गोष्टी

उड्डाणानंतर दार उघडलं तर प्रचंड आवाज होतो, कागद उडतात. १७२ तरीही उडते. वाकून दार ओढायला जाऊ नका. सर्किट करून उतरा. वीज तयार करणारा अल्टरनेटर गेला तर बॅटरीवर थोडा वेळ आहे, अनावश्यक ते सगळं बंद करा. रेडिओ गेला तर ट्रान्सपाँडर ७६००वर. समोर घार आली तर ती बहुधा खाली सूर मारते, म्हणून जमेल तेवढं वर जा. काच फुटली तर चेहरा सांभाळा आणि वेग कमी करा.

सोबतच्या माणसाला काय सांगायचं

मे २०२२मध्ये फ्लोरिडात सेसना कॅरॅव्हॅनचा वैमानिक भान हरपल्यावर, कधीच विमान न चालवलेल्या प्रवाशाने रेडिओवर मदत मागितली आणि एका कंट्रोलरच्या सूचनांवर ते पाम बीचच्या धावपट्टीवर सुखरूप उतरवलं. त्या कंट्रोलरला विमान शिकवण्याचाही अनुभव होता. तेव्हा निघण्याआधी शेजाऱ्याला चार गोष्टी दाखवा: पट्टा आणि दार कसं उघडतं, अग्निशामक कुठे आहे, बोलायचं बटण कोणतं. विमान सायरस कंपनीचं असेल तर छतातलं लाल हँडल, म्हणजे अख्ख्या विमानाचं पॅराशूट, केव्हा आणि कसं ओढायचं. ‘मी गप्प बसा म्हणालो की गप्प बसायचं’ हेही.

शेतात थांबल्यावर

बाहेर पडा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला दूर जा, माणसं मोजा. पाच मिनिटांत गाव जमतं. पहिलं काम बिडी-सिगारेट आणि गर्दी लांब ठेवणं. पंखातून पेट्रोल झिरपत असतं. पंख्याला कुणी हात लावू नये: इग्निशन नीट बंद नसेल तर ढकलल्याने तो फिरू शकतो. एखाद्या शांत वाटणाऱ्या माणसाला हाताशी धरा, पोलीस पाटील असेल तर उत्तमच, आणि गर्दी त्याच्यावर सोपवा.

११२ला फोन करा, मग एटीसी आणि तुमच्या संस्थेला. ईएलटी (अपघातानंतर विमानाचा ठावठिकाणा कळवणारा ट्रान्समीटर) आपोआप सुरू झाला नसेल तर हाताने करा. त्याचा ४०६ मेगाहर्ट्झचा संदेश उपग्रहामार्फत बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात जातो आणि तिथून शोध-बचाव केंद्राकडे. दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवा; अंगात भिनलेली भीती उतरली की दुखणं जाणवतं. विमान हलवू नका, ट्रॅक्टर लावून ‘बाजूला घेऊ’ म्हणणाऱ्यांना नाही म्हणा, कारण डीजीसीए (विमान वाहतूक नियामक) आणि एएआयबीच्या (विमान अपघात तपास संस्थेच्या) तपासाला ते जसं आहे तसं लागतं. बचाव पथकाशी बोलणं झाल्याशिवाय ईएलटी बंद करू नका.